'मनावर घेऊ नका' हे औषध नाही : भेदभावाची जखम, तिचा इतिहास आणि योग्य थेरपिस्टची निवड

दोनेक वर्षांपूर्वी एक तिशीचा तरुण माझ्याकडे येऊ लागला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तक्रारी रोजच्या ओपीडीतल्याच होत्या. छातीत धडधड, डोकं जड, रात्री दोन-तीन वाजता जाग येणं, सकाळी ऑफिसला निघताना पोटात गोळा येणं. ईसीजी, थायरॉइड, शुगर, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल. मी पित्ताच्या गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, चहा कमी करायला सांगितलं.

तिसऱ्या वेळी तो उठता उठता बोलला. ऑफिसात नवीन साहेब आल्यापासून त्याला त्याचं आडनाव दोन-तीनदा विचारलं गेलं होतं. मग "कोट्यातून का?" असं हसत हसत विचारलं गेलं. मग जेवणाच्या टेबलावर त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. मी घड्याळाकडे पाहिलं, बाहेर सतरा पेशंट बसले होते, आणि म्हणालो, "अहो, मनावर घेऊ नका."

पुढे त्यानं स्वतःच एक समुपदेशक शोधला. एका भेटीनंतर परत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "डॉक्टर, तिथेही आधी आडनावच विचारलं. मग म्हणाले, तुम्ही जरा जास्तच हळवे आहात."

त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि त्या समुपदेशकानं, एकच चूक केली होती. जखम बाहेरून झालेली होती आणि आम्ही दोष त्याच्या कातडीला दिला होता. नंतर याविषयी वाचत गेलो तेव्हा कळलं की ही चूक वैद्यकशास्त्रात फार जुनी आहे. तो इतिहास आज तुम्हाला सांगतो, कारण तो माहीत असेल तर आपल्यासाठी योग्य थेरपिस्ट निवडणं सोपं जातं.

पळून जाण्याचा 'आजार'

साल १८५१. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात सॅम्युअल कार्टराइट नावाचे एक डॉक्टर होते. त्या काळी तिथे कृष्णवर्णीय माणसं गुलाम म्हणून विकली जात, आणि त्यांतले काही जण संधी मिळताच पळून जात. का पळत, हे कुणीही सांगू शकेल. पण कार्टराइट यांनी त्याला आजार ठरवलं आणि 'ड्रेपेटोमेनिया' असं नाव दिलं. म्हणजे पळून जाण्याचं वेड. उपायही सुचवला. गुलामांना लहान मुलांसारखं सांभाळा, आणि तरीही ऐकलं नाही तर चाबूक.

आज हे वाचून हसू येतं आणि रागही येतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे लिहिणारा माणूस भोंदू नव्हता, शिकलेला डॉक्टर होता. आणि आजाराचं नाव दिलं की समोरच्या व्यवस्थेला कुणी जाब विचारत नाही. "गुलामी का आहे?" हा प्रश्न मागे पडतो आणि "हा पळतो का?" हा प्रश्न पुढे येतो. "तुम्ही जास्तच हळवे आहात" या वाक्यातही तेच घडतं.

थर्मामीटर तीन हातांतून

हे फक्त दूर देशात घडलं असं समजू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या लेखनात स्वतःचे आणि इतरांचे अनुभव नोंदवले आहेत. त्यात काठियावाडमधल्या एका शिक्षकाचं पत्र आहे. ते डिसेंबर १९२९ मध्ये गांधीजींच्या 'यंग इंडिया' या साप्ताहिकात छापलं गेलं होतं. हा शिक्षक अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातला. त्याची बायको नुकतीच बाळंत झालेली. दोन दिवसांनी तिला जुलाब सुरू झाले, श्वास लागला, बरगड्यांत दुखू लागलं.

तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाला, तुमच्या वस्तीत येणार नाही. गावातल्या प्रतिष्ठितांनी रदबदली केली, दोन रुपये फीची हमी दिली, तेव्हा डॉक्टर आला. पण वस्तीच्या बाहेरच थांबला. त्या ओल्या बाळंतिणीला तान्ह्या बाळासह बाहेर आणावं लागलं. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिलं, त्यानं ते नवऱ्याला दिलं, नवऱ्यानं बायकोला लावलं, आणि त्याच वाटेनं ते परत गेलं. रात्रीचे आठ वाजले होते. दिव्याच्या उजेडात थर्मामीटर पाहून डॉक्टरनं न्यूमोनियाचं निदान केलं आणि औषध पाठवून दिलं. नंतर पुन्हा पाहायला आला नाही. ती बाई वाचली नाही.

मी एमडी मेडिसिन आहे. न्यूमोनिया ओळखायचा तर छातीला स्टेथोस्कोप लावावा लागतो. श्वास मोजावा लागतो, नाडी पाहावी लागते, आणि दुसऱ्या दिवशी परत पाहावं लागतं. त्या डॉक्टरकडे ज्ञान होतं आणि औषधही होतं. नव्हती ती फक्त हात लावण्याची तयारी.

आज कुणी थर्मामीटर तीन हातांतून देत नाही. पण अंतर राखायचे इतर मार्ग असतात. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वेगळी वागणूक मिळते का, हे तपासायला केंद्र सरकारनं प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल २००७ मध्ये आला. शिकवण्यात, परीक्षांत, वसतिगृहात भेदभाव होत असल्याच्या तक्रारी त्यात नोंदल्या आहेत. जिथे डॉक्टर घडतात तिथेच हे घडत असेल, तर पेशंटनं डॉक्टरच्या खोलीत शिरताना जरा सावध असणं हा वेडेपणा नाही, ती सावधगिरी आहे.

चार बाहुल्या

आता इतिहासाची दुसरी बाजू पाहू. ज्या कोलंबिया विद्यापीठात आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तिथूनच पुढे केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय पती-पत्नींनी मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यानं १९४० मध्ये, तिनं १९४३ मध्ये.

त्यांचा प्रयोग साधा होता. तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर चार बाहुल्या ठेवायच्या. सगळ्या सारख्या, फक्त दोन गोऱ्या आणि दोन सावळ्या. मग विचारायचं, कुठली बाहुली छान? कुठली वाईट दिसते? खेळायला कुठली देऊ? बहुतेक मुलं गोरी बाहुली 'छान' म्हणून निवडत. शेवटचा प्रश्न असायचा, "तुझ्यासारखी दिसणारी बाहुली दे." त्या प्रश्नावर काही मुलं रडली, काही खोलीतून निघून गेली.

इतक्या लहान वयात आपल्याविषयीची जगाची नजर मूल आत घेतं, हे या प्रयोगातून दिसलं. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं शाळांमधलं वर्णावर आधारित विभाजन घटनाबाह्य ठरवलं, तेव्हा निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख होता.

मला मात्र त्यांचं दुसरं काम अधिक मोलाचं वाटतं. १९४६ मध्ये या दांपत्यानं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात मुलांसाठी मानसिक आरोग्य केंद्र सुरू केलं, जे पुढे 'नॉर्थसाइड सेंटर' म्हणून ओळखलं गेलं. तिथे येणाऱ्या अनेक मुलांना शाळेनं 'मतिमंद' ठरवून वेगळ्या वर्गात टाकलं होतं. क्लार्क यांनी बुद्ध्यांक पुन्हा तपासले, आणि त्यांतली बहुतेक मुलं त्या वर्गात बसवण्याइतकी मागे नव्हती असं निघालं. मग शाळेला जाब विचारला गेला, मुलांना अभ्यासात मदत मिळाली, घरच्यांशी बोलणं झालं.

त्याच वर्षी त्याच हार्लेममध्ये एका चर्चच्या तळघरात 'लाफार्ग क्लिनिक' सुरू झालं. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम आणि त्यांचे सहकारी संध्याकाळी तिथे बसत. फी पंचवीस सेंट, आणि तेवढेही नसतील तर फुकट. ते बारा वर्षं चाललं. चांगला उपचार महागच असतो असं नाही, हे तेव्हाही कुणीतरी करून दाखवलं होतं.

टोपल्या विणण्याचा फसलेला उपचार

फ्रान्झ फॅनन हे मार्टिनिक बेटावर जन्मलेले कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ. १९५३ मध्ये ते फ्रेंच सत्तेखालच्या अल्जीरियात ब्लिडा इथल्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तिथे त्यांनी फ्रान्समध्ये शिकलेली पद्धत आणली. वॉर्डात बैठका, वृत्तपत्र, सिनेमा, टोपल्या विणणं. युरोपीय स्त्रियांच्या वॉर्डात ती छान चालली. अल्जीरियन मुस्लिम पुरुषांच्या वॉर्डात पार फसली. कुणी बोलेना, कुणी विणेना.

फॅनन यांनी पेशंटला दोष दिला नाही. आपलीच चूक झाली, असं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९५४ मध्ये लिहून मान्य केलं. या माणसांचं घर, भाषा, सण, बैठक काहीच विचारात न घेता आपण परक्या घरातली रीत त्यांच्यावर लादली. मग वॉर्डात स्थानिक पद्धतीचं कॉफीघर सुरू झालं, सण साजरे होऊ लागले, गोष्टी सांगणारा कथेकरी येऊ लागला. तेव्हा माणसं बोलू लागली.

फॅनन यांनी स्वतः वर्णभेद सोसला होता, तरी सुरुवातीला तेही चुकले. म्हणजे थेरपिस्ट आपल्याच समाजाचा असला की काम झालं असं नाही, आणि वेगळ्या समाजाचा असला म्हणून काम होणारच नाही असंही नाही. तो शिकायला तयार आहे का, हे पाहायचं.

मुखवटा घातलेला डॉक्टर

समलिंगी व्यक्तींच्या बाबतीत तर आम्ही डॉक्टरांनी विसाव्या शतकाचा मोठा भाग चुकीच्या बाजूला घालवला. समलैंगिकता हा मानसिक विकार म्हणून अधिकृत यादीत होता. १९५७ मध्ये एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तीस समलिंगी आणि तीस भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, नावं झाकून, तज्ज्ञांना दिल्या. कोण कुठला, हे तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. पण यादी बदलायला आणखी सोळा वर्षं लागली.

१९७२ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या परिषदेत एक वक्ता रबरी मुखवटा आणि विग घालून, अंगाला मोठा होणारा कोट चढवून, आवाज बदलणाऱ्या मायक्रोफोनवरून बोलला. आपण समलिंगी आहोत आणि मानसोपचारतज्ज्ञही आहोत, हे त्यानं सांगितलं. ते डॉ. जॉन फ्रायर होते. आपल्याच सहकाऱ्यांसमोर नाव सांगायची सोय नव्हती, कारण नोकरी गेली असती. पुढच्या वर्षी, १५ डिसेंबर १९७३ रोजी, संघटनेनं समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये काढली. भारतात ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं, 'बदलून दाखवतो' म्हणणारी तथाकथित कन्व्हर्जन थेरपी हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

शरीरात काय होतं?

कुणी अपमान केला की शरीर त्याला धोका समजतं. अ‍ॅड्रेनालिन वाढतं, ठोके वाढतात, स्नायू आवळतात. धोका टळला की सगळं खाली येतं. पण धोका रोज सकाळी साडेनऊला ऑफिसात बसलेला असेल तर खाली यायला वेळच मिळत नाही. झोप बिघडते, रक्तदाब वाढू शकतो, पोट बिघडतं, चिडचिड होते. त्या तरुणाची धडधड खोटी नव्हती. माझे रिपोर्ट नॉर्मल होते, एवढंच.

याची उलट बाजूही सांगतो. भेदभाव होतोय म्हणून प्रत्येक लक्षण त्याचंच, असंही धरून चालू नका. थायरॉइड, रक्तक्षय, नैराश्याचा आजार हे तपासायलाच हवेत आणि औषध लागलं तर घ्यायलाच हवं. चांगला डॉक्टर दोन्हीकडे पाहतो.

मग थेरपिस्ट शोधायचा कसा?

आधी तुमचा हक्क समजून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा मे २०१८ पासून लागू आहे. जात, धर्म, लिंग, लैंगिक कल, वर्ग, अपंगत्व यांवरून भेद न करता उपचार मिळण्याचा हक्क तो देतो. समाजाच्या रूढ नीतिमूल्यांशी जुळत नाही एवढ्यावरून कुणाला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही, हेही त्यात आहे. गोपनीयतेचा हक्कही आहे.

१. शिक्षण विचारा. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो औषध देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, बोलून उपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. 'समुपदेशक' या पाटीमागचं शिक्षण मात्र प्रत्येकाचं वेगळं असू शकतं, म्हणून पदवी आणि प्रशिक्षण स्पष्ट विचारा. यात संकोच नको.

२. पहिल्या फोनवर एक प्रश्न विचारा. "जातीवरून (किंवा धर्म, रंग, लैंगिकता, अपंगत्व यांवरून) झालेल्या त्रासाबद्दल बोलायचं आहे. अशा लोकांबरोबर तुम्ही काम केलं आहे का?" उत्तर 'नाही' असलं तरी चालेल, जर पुढे "पण मला समजून घ्यायला आवडेल" असं असेल. "आजकाल असं कुठे असतं?" असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

३. पहिल्या दोन-तीन भेटींत लक्ष ठेवा. तुम्ही घटना सांगितल्यावर लगेच "त्यांचा हेतू तसा नसेल" असं येतं का? की आधी "तेव्हा तुम्हाला काय झालं?" असं विचारलं जातं? सगळा वेळ तुम्हालाच शिकवावं लागतंय का? गरज नसताना आडनाव, गाव, आहार यांची चौकशी होतेय का? 'बदलून दाखवतो' असं म्हटलं जातंय का? यातलं काही वारंवार घडत असेल तर थांबा.

४. गोपनीयता. कंपनीनं किंवा कॉलेजनं दिलेला समुपदेशक असेल तर पहिल्याच भेटीत विचारा, "माझ्या नोंदी कोण पाहतं?" त्रास तिथल्याच माणसांचा असेल तर हा प्रश्न फार महत्त्वाचा.

५. आपल्याच समाजाचा हवा का? हवा असं वाटत असेल तर तसं मोकळेपणानं मागा, त्यात गैर काही नाही. मिळाला नाही तर अडून बसू नका. फॅनन आठवा.

६. बदलायला घाबरू नका. पायाला चप्पल लागली की आपण बदलतो. तीन-चार भेटींत विश्वास बसत नसेल तर दुसरा शोधा. पहिला अनुभव वाईट आला म्हणून उपचारच सोडू नका, हे मात्र कळकळीनं सांगतो.

७. पैसे नसतील तर. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो. 'टेलिमानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. काही खासगी थेरपिस्ट ऐपतीप्रमाणे फी घेतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. म्हणून विचारा.

जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर ही यादी बाजूला ठेवा. आजच कुणाला तरी सांगा, १४४१६ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा.

आणि एक गोष्ट. थेरपी ही तक्रारीची जागा घेत नाही. जातीवरून छळ झाला असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ पासून आहे, आणि १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन त्यासाठी आहे. तक्रार करायची की नाही, केव्हा करायची, हे तुम्ही ठरवायचं. चांगला थेरपिस्ट तुम्हाला त्यासाठी ढकलतही नाही आणि अडवतही नाही. जे ठरवाल ते झेपेल एवढं बळ यावं, यासाठी तो सोबत असतो.

तो तरुण पुढे दुसऱ्या एका बाईंकडे गेला. पहिल्या तासात त्यांनी फारसं काही केलं नाही, तो म्हणाला, "फक्त शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, हे तुमच्याबाबतीत घडायला नको होतं." साहेब अजून तेच आहेत. त्यानं कंपनीत लेखी तक्रार दिली आहे, तिचं अजून काही झालेलं नाही. धडधड पूर्ण गेलेली नाही, पण आता रात्री झोप लागते, आणि जेवायला तो दुसऱ्या टेबलावर दोन मित्रांबरोबर बसतो.

माझ्यात एवढा बदल झाला की रिपोर्ट नॉर्मल आले आणि त्रास मात्र संपत नसेल, तर मी एक प्रश्न हमखास विचारतो, "कामावर, घरी, शेजारी कुणी तुमच्याशी वेगळं वागतं का?" विचारायला अर्धा मिनिट लागतो, आणि उत्तर ऐकायला कधी कधी अर्धा तास. बाहेर सतरा पेशंट असतात. थोडे थांबतात ते.

तुमच्या डॉक्टरनं हा प्रश्न विचारला नाही, तर तुम्हीच सांगा. आणि ऐकून त्यानं "मनावर घेऊ नका" म्हटलं, तर शांतपणे सांगा, "डॉक्टर, ते घेतलं गेलंय. आता पुढे काय करायचं ते सांगा."